तीन हजार व्होल्टच्या खाली

थंडीत स्वेटर डोक्यावरून काढताना तडतड आवाज येतो. केस उभे राहतात. अंधारात ब्लँकेट झटकलं तर निळसर ठिणग्याही दिसतात. दाराच्या कडीला हात लावावा आणि बोटाला टचकन काहीतरी चावावं, हे तर पुण्याच्या डिसेंबरात रोजचंच. आपण ‘आई गं’ म्हणतो, हात झटकतो आणि विसरून जातो.

त्या झटक्याबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. तो आपल्याला जाणवला, याचा अर्थ त्या क्षणी आपल्या अंगावर साधारण ३,००० व्होल्ट होते. घरातल्या प्लगमध्ये २३० असतात. तरीही आपण मरत नाही, कारण अंगावर साठलेला विद्युतभार अगदी थोडा असतो आणि एका क्षणात संपून जातो. कोरड्या हवेत गालिच्यावरून चालताना ३५,००० व्होल्टपर्यंतही मजल जाऊ शकते. हवा दमट असेल तर हाच आकडा दीड हजाराच्या आसपास येतो, कारण दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि भार त्यावरून हळूहळू निघून जातो. म्हणून पावसाळ्यात कडी चावत नाही.

पण मला ३,००० च्या वरचं काही सांगायचं नाही. वरचं सगळं कळतं. मला सांगायचं आहे ते खालचं, म्हणजे जे आपल्या अंगावर असतं, आपल्या हातून घडतं आणि आपल्याला कळत नाही त्याबद्दल.

*

इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाल्यावर मी भोसरीतल्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. तिथे सर्किट बोर्ड तयार व्हायचे. मी ज्या लाइनवर होते तिथला एक बोर्ड दवाखान्यात पेशंटच्या उशाशी असतो त्या मॉनिटरमध्ये जायचा. नाडी, ऑक्सिजन, बीपी दाखवणारा तो हिरव्या-निळ्या रेघांचा पडदा तुम्ही पाहिलाच असेल. कुणाच्या तरी काळजीत बसूनच पाहिला असेल.

पहिल्या दिवशीच्या ट्रेनिंगमध्ये सरांनी फळ्यावर लिहिलं : माणूस = १०० पिकोफॅरड + १,५०० ओहम. आम्ही हसलो. पण ते खरं होतं. इलेक्ट्रॉनिक भागांची चाचणी करताना माणसाच्या जागी हेच मॉडेल धरतात. चिपच्या दृष्टीने आपण सगळे सारखेच, भार साठवणारी एक वस्तू. खुर्चीवरून उठलं, ओढणी सारखी केली, सेलोटेप ओढली, की आपल्यावर किंवा आजूबाजूच्या वस्तूंवर काहीशे व्होल्ट जमतातच. आपल्याला पत्ता नसतो. आणि काही भाग तर १०० व्होल्टच्या आतही बिघडू शकतात.

बिघडतात म्हणजे काय, तर चिपच्या आत काही नॅनोमीटर जाडीचा एक निरोधक पापुद्रा असतो, त्याला भोक पडतं. पूर्ण पडलं तर बरंच म्हणायचं, कारण बोर्ड चाचणीतच नापास होतो. पण कधी कधी पापुद्रा अर्धवट दुखावतो. बोर्ड चालू होतो, चाचणीत पास होतो, खोक्यात बसून बाहेर पडतो. आणि मग काही महिन्यांनी, कुठेतरी, काही कारण नसताना बंद पडतो.

म्हणून प्रत्येकीच्या मनगटाला रिस्ट स्ट्रॅप. त्याची स्प्रिंगसारखी गुंडाळलेली वायर अर्थिंगला जोडलेली. त्या वायरीत १० लाख ओहमचा एक रोध असतो. तो चिपसाठी नसतो, आपल्यासाठी असतो. चुकून आपला हात २३० व्होल्टला लागला, तर त्या रोधामुळे स्ट्रॅपमधून पाव मिलिअँपिअरच्या आतच प्रवाह वाहतो. मला ते ऐकून बरं वाटलं होतं. वस्तूला वाचवताना माणसालाही वाचवायचं, असा विचार कुणीतरी केलेला होता.

*

स्ट्रॅप रोज सकाळी तपासायचा असतो. भिंतीवर टेस्टर असतो. वायर त्यात खोचायची, पट्टीवर बोट दाबायचं. हिरवा दिवा लागला की शेजारच्या चेकशीटवर आपल्या नावासमोर टिक करायची. दहा सेकंदांचं काम.

थंडीत मात्र दहा सेकंदांत होत नाही. हवेसारखी आपली कातडीही कोरडी पडते. मनगट आणि पट्टा यांच्यात नीट संपर्क होत नाही आणि चांगल्या स्ट्रॅपलाही लाल दिवा लागतो. मग नळावर जा, मनगट ओलं करा, पुसा, पुन्हा रांगेत या. आम्ही बावीस जणी आणि टेस्टर एक. कंपनीची बस सहा पन्नासला यायची, सात वाजता लाइन सुरू. लाइन लीडर घड्याळाकडे बघत उभ्या.

म्हणजे बघा, ज्या ऋतूत ही तपासणी सगळ्यांत जास्त गरजेची, त्याच ऋतूत ती सगळ्यांत जास्त वेळ खायची.

एका सकाळी मी बोट न दाबताच टिक केली. ‘उद्या दोनदा बघू’ असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी मनाशी काही म्हणायचीही गरज उरली नाही. काही जणी तर शनिवारी बसून आठवड्याच्या टिका एकदम करायच्या. पेन वेगवेगळं वापरायच्या, म्हणजे संशय नको. त्यांच्या तुलनेत मी स्वतःला प्रामाणिक समजत होते, कारण मी खोटी टिक रोजच्या रोज करायचे.

जानेवारीत एका दुपारी क्वालिटीचे एक सर अचानक लाइनवर आले आणि हातातल्या टेस्टरने एकेकीचा स्ट्रॅप तपासू लागले. माझा लाल. मनगट ओलं केलं, तरी लाल. त्यांनी वायर बदलली, हिरवा. वायर आतून तुटलेली होती. वरून प्लास्टिक शाबूत, गुंडाळी छान, आत तार तुटलेली. किती दिवस मी अर्थिंगला जोडलेली आहे असं समजून नुसतीच एक दोरी मनगटाला बांधून बसले होते, कोण जाणे.

त्यांनी चेकशीट पाहिली. माझ्या नावासमोर एकही चौकोन रिकामा नव्हता.

‘आज सकाळी चेक केला होतास ना?’

‘हो सर. हिरवा होता.’

त्यांनी मान डोलावली. सकाळपासून माझ्या हाताखालून गेलेले अडतीस बोर्ड बाजूला काढले. ते नुसते पुन्हा तपासले नाहीत, तर गरम कपाटात दोन दिवस सलग चालवून बघितले. अर्धवट दुखावलेला भाग असेल तर असा ताण दिल्यावर बऱ्याचदा उघडा पडतो. अडतीसही पास झाले.

मी खरोखर हिरवा दिवा पाहिला होता, त्याला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. म्हणजे आणखी दहा दिवसांचे बोर्ड त्या कपाटात जायला हवे होते. ते गेले नाहीत. त्यातले बरेचसे तोवर कंपनीतून बाहेरही पडले होते. मी एक वाक्य बोलले असते तर ते शोधता आले असते, प्रत्येकावर नंबर होता. मी नाही बोलले.

*

त्यानंतर दोन वर्षांनी आप्पांना छातीत दुखायला लागलं म्हणून सांगलीच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री मी त्यांच्या उशाशी बसले होते. मॉनिटरवर रेघ चालली होती. थोड्या वेळाने मी उठले आणि मॉनिटरच्या मागे वाकून लेबल वाचलं.

दुसऱ्याच कंपनीचा होता. मला केवढं हायसं वाटलं. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. आमचे बोर्ड कुठेतरी आहेतच. कुणाचे तरी आप्पा त्यांच्यासमोर झोपलेले आहेत, आणि त्यांच्या मुलीला मागे वाकून बघायचं कारणसुद्धा माहीत नाही.

घरी आल्यावर मी आप्पांना सगळं सांगितलं. आप्पांची हयात इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत, हवेतली आर्द्रता सांभाळण्याच्या खात्यात गेली. कापसाचं सूत कातताना हवेत साधारण ५५ ते ६० टक्के आर्द्रता लागते. हवा कोरडी पडली की सूत ठिसूळ होतं, तंतूंवर भार जमतो, ते एकमेकांना ढकलतात, यंत्राला चिकटतात, धागा सारखा तुटतो. आप्पांनी मला कधी ‘स्थितिक विद्युत’ हा शब्द सांगितला नाही. ते म्हणायचे, ‘हवा सुकली की सूत भांडाय लागतंय.’

त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, काय झालं नसंल. तसं ते म्हणाले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, ‘आमच्यात माणूस झोपला तर सूत वरडून सांगतंय की. धा मिन्टात अख्खं खातं गोळा हुतंय. तुमच्यात कोण सांगणार?’

तोच प्रश्न मी त्यानंतर घेऊन बसले आहे.

आप्पा प्रामाणिक माणूस. पण त्यांच्या प्रामाणिकपणाला धाग्याची सोबत होती. चूक झाली की धागा तुटायचा, लगेच, सगळ्यांसमोर. स्वयंपाकातही तसंच असतं. मीठ विसरलं तर पहिल्या घासाला कळतं. जगातली बरीच कामं अशी आहेत की ती करताना वस्तूच आपल्यावर लक्ष ठेवते. माझ्या कामात वस्तू गप्प बसते. नीट केलं तरी बोर्ड हिरवा, नाही केलं तरी बोर्ड हिरवा. अशा कामात प्रामाणिक राहायचं तर कशाच्या आधाराने?

*

ब्रिटिश गणिती विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये विश्वास ठेवण्याच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं झालंय, बरीच डागडुजी झालेली आहे. परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं त्यातून जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते, पण तो ती हळूहळू दाबून टाकतो. इतक्या सफरी नीट झाल्या, ही पण होईल. शेवटी त्याला मनापासून खात्री वाटते आणि तो आनंदाने जहाजाला निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतात, त्याची खात्री प्रामाणिक होती, पण तशी खात्री बाळगायचा त्याला हक्क नव्हता. आणि मग ते खरा प्रश्न विचारतात : समजा, जहाज बुडालंच नसतं, तर? तर त्याचा दोष कमी झाला असता का? क्लिफर्ड यांचं उत्तर : तसूभरही नाही. तो निर्दोष ठरला नसता, फक्त पकडला गेला नसता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन उलटा ठेवून दिला. माझं जहाज बुडालं की नाही हे मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. आणि इतके दिवस मी त्या ‘माहीत नाही’च्या सावलीत बसले होते.

पण आपल्या मनात लगेच दुसरा बचाव तयार असतो. शेकडो बोर्ड, त्यातला एखादा दुखावला असण्याची शक्यता थोडी, तो नेमका नको त्या वेळी बंद पडण्याची त्याहून थोडी, आणि बंद पडला तरी नर्स असतेच. माझा वाटा किती? नगण्य.

डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात या बचावाचीच तपासणी केली आहे. त्याचं कल्पनाचित्र भयंकर आहे. हजार जण छळ करणारे, हजार जण सोसणारे. छळ करणारा प्रत्येक जण एक बटण दाबतो. त्या एका दाबण्याने हजारही जणांची वेदना इतकी किंचित वाढते की एकालाही फरक जाणवत नाही. पण सगळ्यांनी दाबून झाल्यावर हजार माणसं तळमळत असतात. प्रत्येक बटणवाला म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणालाच काही जाणवलं नाही. आणि ते खरंही असतं. पार्फिटचं म्हणणं असं की, ‘जाणवत नाही’ म्हणजे ‘घडत नाही’ असं आपण धरून चालतो, तिथेच हिशेब चुकतो.

आमच्या लाइनवर बावीस जणी होत्या. बावीस टिका, सहा दिवस, अख्खा हिवाळा.

*

मग चूक कुणाची? सगळी आपल्याच माथी घेण्यातही एक प्रकारची ऐट असते, ती मला नको आहे. बावीस जणींना एक टेस्टर कुणी दिला? बस आणि लाइन यांच्यात दहाच मिनिटं कुणी ठेवली? रिकामा चौकोन दिसला की ऑडिटमध्ये ताशेरे, आणि खोटी टिक दिसली तर काहीच नाही, कारण ती दिसतच नाही, ही रचना आमची नव्हती. त्या रचनेत खोटं बोलणं सगळ्यांत स्वस्त होतं. कंपनीला भरलेली चेकशीट हवी होती. आम्ही ती दिली.

माझा मामेभाऊ शाईच्या कारखान्यात आहे. तिथे द्रावकाचे ड्रम ओततात. द्रव नळीतून वाहतो तेव्हाही भार जमतो, म्हणून ड्रमला अर्थिंगची क्लिप लावायची असते. तो सांगतो, काही जण क्लिप लावतात ती ड्रमच्या रंगावर. रंग वीज वाहू देत नाही. क्लिप दिसते, फोटोत येते, पण ड्रम जोडलेला नसतोच. आणि तिथे प्रकरण बोर्ड बंद पडण्याचं नसतं. माणसाला जेमतेम जाणवेल अशा ३,००० व्होल्टच्या ठिणगीत साधारण अर्धा मिलिज्यूल ऊर्जा असते. टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली असेल, तर तिला पेटायला त्याच्या निम्मी पुरते. म्हणजे जी ठिणगी बोटाला कळणारही नाही, ती वाफेला कळते.

रंगावरची क्लिप, तुटलेल्या वायरीचा स्ट्रॅप आणि माझी टिक, तिन्ही एकाच जातीच्या. नसलेल्या सुरक्षिततेचं चित्र. माझ्या टिकेने बहुधा एकही चिप मेली नसेल. तिने मारलं ते वेगळंच : नंतर कुणाला शोधायचं झालं तर शोधण्याची सोय. रिकाम्या चौकोनाने सांगितलं असतं, इथून पुढचं माहीत नाही. टिकेने सांगितलं, सगळं ठीक आहे. न कळणं ही अडचण असते. न कळण्यावर कळल्याचा शिक्का मारणं हा गुन्हा.

रचना कंपनीची होती, हे मी कुठेही म्हणेन. पण पेन माझ्या हातात होतं, हेही.

*

पूर्वी मला वाटायचं, चांगलं माणूस म्हणजे ज्याचं मन हळवं असतं, ज्याला चुकीचं काही करताना टोचतं. आता तसं वाटत नाही. मन कातडीसारखं आहे. त्यालाही एक उंबरठा असतो, आणि त्याखालचं त्याला कळत नाही. पहिल्या खोट्या टिकेला मला टोचलं होतं. तिसऱ्या दिवशी टोचलं नाही. कृती तीच होती, कातडी निबर झाली होती. कुणी समोर रडत असेल तर टोचणारच, ते तीन हजारांच्या वरचं आहे. पण आपण रोज करतो ती बहुतेक नुकसानं खालची असतात. आपण त्या माणसांना भेटत नाही, त्यांना आपण माहीत नसतो, आणि आपल्या बोटाला काही चावत नाही.

म्हणून अशा ठिकाणी मनाची वाट बघू नये. तिथे टेस्टर लागतो, रोजचा, कंटाळवाणा, दहा सेकंदांचा. आज मला चांगलं वाटतंय की नाही, मी खात्रीने नीट काम करते की नाही, असलं काही न विचारणारा. तो फक्त विचारतो, जोडलेली आहेस का? माझ्यासाठी प्रामाणिकपणा आता एवढाच उरला आहे : त्या प्रश्नाला बोट लावायचं, आणि लाल आला तर लाल लिहायचा.

*

मी आता दुसऱ्या कंपनीत आहे, एका लाइनची प्रमुख. जुन्या कंपनीतल्या त्या सरांना मी गेल्या वर्षी फोन करून खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘आता सांगून काय करू?’ त्यांचं बरोबर होतं. सत्यालाही वेळ असते, आणि मी ती चुकवली होती.

इथे मी भांडून दुसरा टेस्टर घेतला. शेजारी पाण्याची स्प्रे बाटली ठेवली. स्ट्रॅप तुटला की लगेच वाजणारे, सतत तपासत राहणारे यंत्र मागितले आहे, ते ‘पुढच्या बजेटमध्ये’ आहे. आणि चेकशीटवर चौकोन रिकामा ठेवायची परवानगी आहे, फक्त कारण लिहायचं.

मागच्या आठवड्यात सकाळी साडेनऊला एक नवी ट्रेनी माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. ‘मॅडम, बस उशिरा आली होती. मी चेक न करताच बसले. चौकोन रिकामा आहे.’

तिच्या हातचे सगळे बोर्ड आम्ही बाजूला काढले. लाइन थांबली, वरून फोन आला. तिला टेस्टरपाशी नेलं. तिने बोट दाबलं. लाल. माझ्या पोटात गोळा आला. तिने मनगटावर पाणी मारलं, पुसलं, पुन्हा दाबलं. हिरवा. दोनदा बघितलं, हिरवाच.

बोर्ड परत लाइनवर ठेवले. एकूण वीस मिनिटं गेली.

‘म्हणजे काही झालंच नव्हतं,’ ती म्हणाली, ‘उगाच थांबवलं मी.’

‘हो,’ मी म्हटलं, ‘पण आता आपल्याला ते माहीत आहे.’

तिने पेन घेतलं आणि रिकाम्या चौकोनात टिक करायला गेली. मी तिचा हात धरला. तो सातचा चौकोन होता. त्याच्या शेजारी तिने लिहिलं : ९.४०, हिरवा.